निळं रीळ

८ जानेवारी, सोमवार

मुलीने वही पाठवली. सोबत चिठ्ठी, ‘आई, रोज चार ओळी लिही. बाहेर आलीस की मी वाचेन.’ चौदा वर्षांत मी सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण कोरी वही नुसती ठेवून देणं जिवावर येतं, म्हणून बसले. वहीच्या रेघा इतक्या फिक्या छापल्या आहेत की असून नसल्यासारख्या. कंपन्या हल्ली शाईतसुद्धा हात राखतात.

मी काय केलं ते कोर्टाच्या कागदांत आहे. मी ते नाकारलेलं नाही आणि इथे पुन्हा लिहिणार नाही. या तुरुंगात बायकांना तीनच कामं मिळतात, स्वयंपाकघर, धुणं किंवा शिवण. मी पहिल्यापासून शिवणखात्यात. आम्ही दवाखान्यांसाठी रुग्णांचे पांढरे सदरे शिवतो. प्रत्येकीला दोऱ्याचा एक रंग दिलेला आहे. सदरा पुरा झाला की आतून, खिशाच्या कोपऱ्यात, आपल्या रंगाचे चार टाके हाताने घालायचे. तपासणीत सदरा वाकडा निघाला तर ते चार टाके बघतात आणि रजिस्टरमध्ये त्या रंगापुढे रेघ मारतात. माझा रंग निळा. चौदा वर्षांत माझ्यापुढे किती रेघा पडल्या ते दोन हातांच्या बोटांवर सांगता येईल.

शेजारच्या मशीनवर पिवळा रंग, म्हणजे कंडक्टर. बाहेर असताना ती बसमध्ये कंडक्टर होती, म्हणून सगळ्या तिला तसंच म्हणतात. अकरा वर्षं आम्ही शेजारी बसतोय. आली तेव्हा तिला सुई कुठल्या टोकाने धरायची तेही कळत नव्हतं. मी शिकवलं. ती मला मास्तरीणबाई म्हणते. थट्टेने म्हणते, पण म्हणते.

चार ओळींच्या जागी दोन पानं झाली. अक्षर मोठं काढते म्हणूनही असेल.

१४ जानेवारी, रविवार

दुपारी हॉलमध्ये सिनेमा दाखवला. तुरुंगाचाच. कैद्यांना कैद्यांचा सिनेमा दाखवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. त्यात दोन मित्र असतात, एकाला सुटायची आशा असते आणि दुसऱ्याला नसते, एवढं समजलं. कुठला कोणता ते शेवटपर्यंत समजलं नाही. पडदा धूसर होता, बहुतेक मशीनची काच कुणी पुसलेली नसणार. कंडक्टर माझ्या कानाशी सांगत राहिली, ‘हा उंच तो. आता खिडकीशी गेला. आता हसला. दुसरा पलंगावर बसलाय.’ तिला थांब्यांची नावं पुकारायची सवय आहे, ती जात नाही. मागच्या दोघी शूः करत होत्या.

शेवटी सगळ्या रडल्या. नवी आलेली पार्लरवाली तर हुंदके देऊन. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी म्हटलं, ‘दोन तासांत एकानेही कपडे धुतले नाहीत. कसला तुरुंग?’

कंडक्टर नाक पुसत म्हणाली, ‘मास्तरीणबाई, तुला दगडातून कोरलंय.’

मला आशा या प्रकाराची धास्ती वाटते. पहिली पाच वर्षं मी रोज सुटत होते, मनातल्या मनात, आणि रोज संध्याकाळी पुन्हा आत येत होते. मग सोडून दिलं. कंडक्टरचं उलटं. तिचं प्रत्येक वाक्य ‘बाहेर गेल्यावर’पासून सुरू होतं. आज म्हणाली, ‘बाहेर गेल्यावर मी घरातून निघेन, अर्ध्या रस्त्यात आठवेल की छत्री विसरले, मग परत फिरेन, कुलूप उघडेन, छत्री घेईन, पुन्हा निघेन. कुणाला विचारणार नाही.’ मी म्हटलं, ‘एवढ्यासाठी सुटायचंय?’ ती म्हणाली, ‘हो, एवढ्यासाठीच.’ तिच्याबरोबर नोकरीला असलेल्या एका बाईने तिला एक खोली देऊ केली आहे, त्या खोलीची ती मनात इतक्यांदा मांडामांड करते की मला त्यातलं कपाटही पाठ झालंय.

२९ जानेवारी, सोमवार

मुलगी भेटून गेली. तिला दिवस गेलेत. तारीख मेअखेरीची. मधल्या जाळीला हात लावून म्हणाली, ‘आई, तू येशील ना तेव्हापर्यंत?’ तिचा चेहरा कसा दिसतो हे मला डोळे मिटून सांगता येतं, आज मात्र उजेड तिच्या पाठीमागून येत होता.

मुदतीआधी सुटायचे अर्ज मी आणि कंडक्टर दोघींनी भरलेत. समिती एप्रिलमध्ये बसणार. शिवणखात्याच्या मोठ्या बाईंनी आज दोघींना बोलावून नियम सांगितले. मागचे सहा महिने बघणार. नावापुढे वीसच्या आत रेघा हव्यात आणि शिक्षेची एकही नोंद नको. एकदा नाकारलं की पुढचा अर्ज दोन वर्षांनी. आणि मध्येच खातं बदललं तर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

‘तिसऱ्या रांगेतली आजी गेली ना स्वयंपाकघरात,’ परत येताना कंडक्टर म्हणाली. ‘हात थरथरतात म्हणून काढलं तिला. तिची नोंद गेली वाया.’

मी म्हटलं, ‘आपले हात धडधाकट आहेत.’

‘हात आहेत,’ ती म्हणाली. ती असं अर्धंच बोलली की काहीतरी शिजत असतं. विचारलं तर म्हणाली, ‘डोळ्यांच्या डॉक्टरकडे इथून नंबर लावला तर किती दिवस लागतात गं?’ मी म्हटलं, ‘वर्ष तरी. का, तुझे दुखतात?’ म्हणाली, ‘सहज.’ आता पन्नाशीला टेकली, काहीतरी होणारच. मी तिला सांगितलं, सकाळी गार पाण्याने डोळे धुत जा.

१२ फेब्रुवारी, सोमवार

कंडक्टरला काय झालंय कळत नाही. गेल्या आठवड्यात तिच्यापुढे चार रेघा पडल्या. जानेवारीत तीन होत्या. माझ्यापुढे एकही नाही. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली आणि तिला म्हणाल्या, ‘शेजारणीकडून शिका जरा.’ मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकवलं कुणी तिला? मीच ना?

दुपारी तिला माझा सदरा उलगडून दाखवला. म्हटलं, ‘ही बघ कॉलरची टीप. सरळ रेषेत जायला हवी. कापड पुढे ढकलायचं नाही, त्याला जाऊ द्यायचं.’ तिने सदरा हातात घेतला, बराच वेळ टिपेवरून बोट फिरवलं. म्हणाली, ‘हो, दिसतंय.’ मग खाली मान घालून कामाला लागली. एरवी मला चार शब्द सुनावल्याशिवाय जिचा घास उतरत नाही, ती अशी मुकाट ऐकून घेते हेच मला पटत नाही. तिला समितीची भीती वाटत असणार. भीती वाटली की काहींचे हात चालतात, काहींचे अडतात.

सुया ओवायचं काम अजून तीच करते, माझ्याही. हल्ली सुयांना भोकं इतकी बारीक पाडतात की दोरा जाईल की नाही याची शंका येते. तिची बोटं लहान म्हणून जमतं. शिवाय माझे गुडघे धरतात, त्यामुळे संध्याकाळी माझा गठ्ठाही तीच तपासणीच्या टेबलावर नेते. शेवटचा अर्धा तास दोरे कापायला आणि खुणा घालायला असतो. त्या अर्ध्या तासात ती दोन्ही गठ्ठे मांडीवर घेऊन बसते आणि कुणाशी बोलत नाही. एवढं करूनही तिचेच सदरे परत येतात.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

माझं निळं रीळ संपलं. महिन्याला एक रीळ मिळतं आणि माझं दोन-दोन महिने पुरतं. या महिन्यात वीस तारखेलाच नुसती पुठ्ठ्याची नळी उरली. चार टाक्यांना दोरा लागतो किती? पार्लरवाली माझ्या मागच्या मशीनवर बसते आणि तिचे हात कधी स्थिर नसतात. तिच्यावर डोळा ठेवायला हवा.

कंडक्टरला सांगितलं तर म्हणाली, ‘जाऊ दे ना. दोरा तर आहे. मी मागून आणते तुझ्यासाठी.’ मी म्हटलं, ‘प्रश्न दोऱ्याचा नाही, कुणाच्या हाताचा आहे.’ ती म्हणाली, ‘मास्तरीणबाई, दीड महिना राहिलाय. कुणाशी वाकडं घेऊ नकोस.’ इतकी काकुळतीला येऊन म्हणाली की मला वाटलं, ही पार्लरवालीला का पाठीशी घालतेय?

६ मार्च, मंगळवार

नवं रीळ बारा दिवसांत निम्मं. मी मुद्दाम खूण करून ठेवली होती.

आणखी एक लिहून ठेवते. आज जेवणानंतर लवकर परत आले तर कंडक्टर एकटीच बसली होती आणि तिच्या मांडीवर सदरा होता. खिशाचा कोपरा उसवत होती. मी विचारलं, ‘काय गं?’ ती दचकली. म्हणाली, ‘माझीच खूण वाकडी पडली.’ खुणेचे चार टाके आत असतात, ते सरळ की वाकडे कोण बघतंय? पण सदऱ्याची बाही सगळी तिरपी दिसली एवढं मात्र माझ्याही लक्षात आलं. मला तिची दया आली. अकरा वर्षं शिकवलं आणि ही बाही.

तिच्यापुढे चौदा रेघा झाल्यात. माझ्यापुढे शून्य. मी तिला म्हटलं, ‘तू माझ्याबरोबर बाहेर येणार आहेस ना? मग नीट शिव.’ ती हसली. म्हणाली, ‘पाच शिल्लक आहेत अजून. पुरवून वापरते.’ असली थट्टा मला कळत नाही.

१३ मार्च, मंगळवार

दिवा बंद व्हायच्या आत लिहून टाकते.

काल मी मोठ्या बाईंकडे तक्रार केली. माझं रीळ कुणीतरी चोरतंय. माझ्या मनात पार्लरवाली होती, नाव मात्र घेतलं नाही. आज सकाळी सगळ्यांचे शिवणाचे डबे तपासले. पार्लरवालीच्या डब्यात काही नाही. कंडक्टरच्या डब्यात, पिवळ्या रिळाच्या खाली, रुमालात गुंडाळलेलं निळं.

मोठ्या बाईंनी विचारलं, ‘हे कुठून आलं?’

ती म्हणाली, ‘मी घेतलं. शेजारणीच्या रिळावरून गुंडाळून घेतलं, थोडं थोडं.’

‘कशाला?’

‘मला पिवळा आवडत नाही.’

दोन-तीन जणी हसल्या. मोठ्या बाई हसल्या नाहीत. चोरी म्हणून नोंद झाली आणि महिनाभर कँटीन बंद. शिक्षेची नोंद. म्हणजे समितीसमोर आता तिचं नाव जाणारच नाही. तीन आठवडे राहिले असताना.

तिला दोरा हवा होता तर मागायचा. मी दिला नसता का? आणि निळा दोरा घेऊन ती करणार काय, खूण तर तिची पिवळी. मी तिच्याशी बोललेले नाही. तीही माझ्याशी बोललेली नाही, फक्त संध्याकाळी विचारलं, ‘गठ्ठा देतेस ना?’ मी म्हटलं, ‘माझा मी नेईन.’

१५ मार्च, गुरुवार

दोन दिवस माझा गठ्ठा मी नेला, सुईसुद्धा माझी मी ओवली. एक सुई ओवायला पाऊण तास गेला, पण ओवली.

आज तपासणीत सात सदरे परत आले. सातही निळ्या खुणेचे. तपासणाऱ्या बाईंनी दोनदा बघितलं, त्यांनाही खरं वाटेना. एका सदऱ्याची बाही काखेऐवजी खिशाला शिवलेली म्हणे. मी म्हटलं, हे माझे नाहीतच. कुणीतरी माझ्या खुणा घातल्यात. कंडक्टर सूड उगवतेय, असं माझ्या मनात आलं आणि मी ते तिच्या तोंडावर बोलले. सगळ्या ऐकत होत्या.

ती चिडली नाही. अकरा वर्षांत मी तिला एवढी घाबरलेली पाहिली नव्हती. संध्याकाळी माझ्या मशीनशी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, ‘राग माझ्यावर काढ. बोलू नकोस, शिव्या दे, काहीही कर. पण गठ्ठा माझ्याकडे दे. तुला मुलीची शपथ.’

मुलीची शपथ घालायची काय गरज होती? गठ्ठा दिला. 

२१ मार्च, बुधवार

गठ्ठा तिच्याकडे द्यायला लागल्यापासून पुन्हा एकही रेघ नाही. म्हणजे तिनेच केलं असणार आणि आता तिला पश्चात्ताप झाला असणार, असा अर्थ मी लावला. तरी कुठेतरी अडतं. पश्चात्ताप झालेल्या माणसाला झोप लागते. ही रोज जास्त दमलेली दिसते.

३ एप्रिल, मंगळवार

समिती बसली. माझी शिफारस झाली. सात रेघा, शिक्षा नाही, वागणूक उत्तम. तिचं नाव वाचलंच नाही.

मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. मुलीच्या बाळंतपणाला मी असेन. नऊ वर्षं ज्या आशेला मी दारातूनच हाकललं होतं ती आज आत येऊन बसली. आणि शेजारी जी रोज तिला बोलवत होती तिच्या वाट्याला दोन वर्षं.

कंडक्टर माझ्याकडे आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी तिच्याशी धड बोलले. म्हटलं, ‘तुझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास. एका रिळासाठी.’ ती म्हणाली, ‘हो ना. अक्कल नाही मला.’ आणि मला मिठी मारली. तिच्यावर चिडायचं की रडायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी नुसती उभी राहिले.

१६ एप्रिल, सोमवार

सुटण्याआधी डॉक्टर तपासतात. रक्तदाब, वजन, दात. मग डॉक्टरबाईंनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. मी म्हटलं, ‘कुठला तक्ता?’

त्यांनी बॅटरीने दोन्ही डोळे बघितले. म्हणाल्या, ‘दोन्हीत मोतीबिंदू आहे. उजवा तर पूर्ण पिकलाय. वर्ष-दीड वर्ष तरी झालं असेल. तुम्ही काम काय करता?’

‘शिवण.’

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. ‘अहो, तुम्हाला सुईत दोरा ओवता यायचा नाही.’

मी म्हटलं, ‘दोरा ती ओवते.’

आणि तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं तशी मी तिथेच बसून राहिले. डॉक्टर पुढे काय काय बोलत होत्या, ऑपरेशन साधं असतं, बाहेर लगेच होईल, इथून मात्र यादीत थांबावं लागलं असतं. मी ऐकत नव्हते. मी सदरे मोजत होते. जे परत आले ते पिवळ्या खुणेचे. जे चांगले निघाले ते निळ्या खुणेचे. माझ्या वाकड्या सदऱ्यातले चार निळे टाके उसवून त्यात पिवळे घालायचे, आणि आपल्या सरळ सदऱ्यात निळे. त्यासाठी दोरा लागतो. निळा. पुष्कळ लागतो.

आणि मी तिला कॉलरची टीप शिकवत होते. माझा सदरा दाखवून.

१७ एप्रिल, मंगळवार

मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, रेघा माझ्या आहेत, तिच्या नाहीत. चोरी झालीच नाही. माझं नाव काढा, तिचं घाला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘तक्रार तुमची. कबुली तिची. दोन्ही माझ्या अक्षरात आहेत.’ मग तिला बोलावलं.

कंडक्टर दारात उभी राहिली आणि सरळ म्हणाली, ‘बाई, सुटका जवळ आली की माणसांचं डोकं फिरतं. हिचं फिरलंय. वाकडे सदरे माझे, रीळ मी चोरलं.’

‘खोटं बोलतेय ती,’ मी म्हटलं.

‘मला विचारतायत ना?’ ती म्हणाली. माझ्याशी इतक्या तुसडेपणाने ती कधी बोलली नव्हती.

मोठ्या बाईंनी तिला विचारलं, ‘नक्की?’ ती हो म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘नक्की ना? नंतर बदलता येणार नाही.’ ती पुन्हा हो म्हणाली. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि रजिस्टर मिटलं. त्यांना कधीपासून काय माहीत होतं ते मला सांगता येणार नाही. एवढंच दिसलं की त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

बाहेरच्या बोळात मी तिचा दंड धरला. म्हटलं, ‘मी जाणारच नाही. नाही म्हणते. कोण मला ढकलणार?’

ती म्हणाली, ‘मग माझे पाच महिने फुकट जातील. ते परत देशील?’

मी तिचा दंड सोडला.

२३ एप्रिल, सोमवार

उद्या सकाळी दहा वाजता सुटका. माझ्या मशीनवर आज पार्लरवाली बसली. कंडक्टर तिला टीप मारायला शिकवत होती, ‘कापडाला जाऊ दे, ढकलू नकोस.’ माझेच शब्द. पार्लरवालीची मी माफी मागितली. तिला कशाबद्दल ते कळलं नाही, कारण मी तिच्यावर संशय घेतल्याचं तिला माहीतच नव्हतं. तिने माझ्या भुवया कोरून दिल्या. म्हणाली, मुलीसमोर नीट दिसल्या पाहिजेत.

३ जून, रविवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. डावा पुढच्या महिन्यात. ही वही आज पहिल्यांदा नीट पाहिली. ओळी एकमेकींवर चढल्यात, काही ठिकाणी तीन-तीन. मुलीला ती वाचता यायची नाही, आणि वाचता आली असती तरी मी दिली नसती.

नात झाली, २८ मे, पहाटे. मी तिथे होते. मुलीने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. बाळाच्या कानावर बारीक लव आहे, तीसुद्धा मला दिसली. त्या दिवशी मी रडले नाही. सगळ्या म्हणाल्या, किती खंबीर बाई.

आज भेटीचा दिवस होता. मी जाळीच्या या बाजूला पहिल्यांदाच बसले. या बाजूची खुर्ची जास्त डगमगते. तिकडून दार उघडलं आणि एक म्हातारी बाई आली, केस पार पांढरे, गालफडं बसलेली, पुढचा एक दात नाही. मी तिच्या मागे बघत राहिले, कंडक्टर कधी येते म्हणून. ती म्हातारी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘काय मास्तरीणबाई, ओळख विसरलात?’

माझ्या मनात तिचा चेहरा होता तो केव्हाचा, कोण जाणे. त्याला काळे केस होते. कडेला बसून ती म्हातारी होत गेली आणि मला फक्त तिचा आवाज म्हातारा न होता ऐकू येत राहिला.

‘तू म्हातारी झालीस,’ मी म्हटलं. एवढ्या दिवसांनी भेटून हेच सुचलं.

‘आज नाही झाले. तुला आज कळलं.’ मग जाळीला नाक लावून माझा डोळा बघितला. ‘दिसतं का नीट?’

‘दिसतं.’

‘नात?’

‘झाली. कानावर लव आहे.’

ती इतकी हसली की पलीकडच्या पोलीसबाईंनी वळून पाहिलं. नातीबद्दल तिने सगळं विचारून घेतलं, वजन किती, रडते कशी, नाक कुणाचं. मग मी विचारलं. दीड महिना मी हाच प्रश्न घेऊन फिरतेय. म्हटलं, ‘का केलंस?’

तिने खांदे उडवले. म्हणाली, ‘ठरवून काही नाही गं केलं. पहिल्या दिवशी एकच सदरा होता. मला वाटलं, आजच्या दिवस घालू पिवळी खूण, हिला उगाच कशाला बोलणी. दुसऱ्या दिवशी आणखी एक निघाला. मग रोजच. तुझे वाकडे सदरे पिवळ्या खुणेत घ्यायचे, उसवून सरळ होतील तेवढे करायचे, उरतील त्यांच्या रेघा माझ्या. मध्येच थांबले असते तर आधीचे सगळे वाया गेले असते.’

‘आणि तुझं सुटणं?’

‘वीसच्या आत बसवत होते मी. बसलंही असतं.’ माझी तक्रार तिने एकदाही तोंडावर आणली नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. आत येण्याआधी तिची कितीतरी वर्षं बसमध्ये कोण कोणाच्या पायावर पाय देतं ते बघण्यात गेली आणि मुकाट्याने पुढे सरका म्हणण्यात. मला ते जमलं नसतं. मला अजून नीट कळतच नाही की माणूस हे करतो कसं.

‘दोन वर्षं,’ मी म्हटलं.

‘एक वर्ष दहा महिने. आणि ती माझी आहेत, तू मोजू नकोस.’

मी म्हटलं, मी दर भेटीला येईन. ती म्हणाली, ‘येशीलच. जाशील कुठे?’ आणि मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, ‘ए, रडू नकोस. डॉक्टरने डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलं असेल ना?’

सांगितलं होतं. पण त्यासाठी नाही. रडायला लागले की ती पुन्हा धूसर व्हायची. मी रुमालाने डोळे टिपत राहिले आणि घंटा होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.